घरच्या शाळेची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे. लाकडी मुठीची, हातात धरून वाजवायची. तीस वर्षं मी एका शाळेत शेकडो मुलांना उठवलं, बसवलं, पळवलं. खोटं कशाला बोलू, मला त्याचा भारी तोरा होता. पुढे तिथे विजेची घंटा आली आणि माझी रवानगी भंगारवाल्याकडे झाली.

तिथून मला एका आईने उचललं. तिने दोन्ही मुलींना घरीच शिकवायचं ठरवलं होतं आणि तिला सगळं अगदी शाळेसारखं हवं होतं. सकाळी आठला मला वाजवलं की ती स्वयंपाकघराच्या दारात बाहेरच्या चपला पायात सरकवायची आणि आईची 'बाई' व्हायची. मुलींनीही तिला बाईच म्हणायचं, तेही अहो-जाहो करून. रोज सहा तास, हजेरी, शिवाय गृहपाठ. शाळा स्वयंपाकघरात, म्हणून गृहपाठ बाहेरच्या खोलीत. एकदा थोरलीचं पोट दुखलं, तर तिने पलंगावर पडायला रीतसर अर्ज केला. समास सोडला नाही म्हणून बाईंनी तो परत केला. मला तर हे फार आवडायचं.

बाई मात्र दमत चालल्या होत्या. गणिताच्या तासाला दूध उतू जायचं आणि ते पुसेपर्यंत इतिहास मागे पडायचा. त्यांचा घसा बसला. मुली जेवतानासुद्धा हात वर करून मगच बोलू लागल्या.

एका दुपारी धाकटी स्टुलावरून पडली आणि तिचा गुडघा सोलला. बाई मला हातात घेऊनच धावल्या. ती सहा वर्षांची पोर हुंदके देत म्हणाली, "तुम्ही नको, बाई. आई सुटली की तिला सांगीन."

मी त्यांच्या हातून फरशीवर आपटले. माझ्या आतला लोंबता गोळा तुटून कपाटाखाली गेला. तिने चपला काढल्या, धाकटीला पोटाशी धरलं आणि स्वतःच रडू लागली. "मला नाही जमत हे. शिकवता शिकवता पोरीच हातच्या जातील माझ्या."

बाबा तेवढ्यात जेवायला घरी आला होता. तो लोकांचे नळ दुरुस्त करायचा. घरचा नळ अर्थातच महिनाभर गळत होता. जखम धुऊन झाल्यावर तो म्हणाला, "आज शाळा राहू दे. हा नळ कोण कोण उघडून बघतंय?"

थोरलीने हात वर न करताच विचारलं, "दिवसाला किती पाणी वाया जातं?" मोजायला एकही भांडं घासलेलं नव्हतं, तेव्हा मला उलटं करून नळाखाली धरलं. माझी काय ही अवस्था, मित्रांनो. मी बारा मिनिटांत भरले. तिघींनी जमिनीवर बसून खडूने आकडेमोड केली आणि उत्तर काढलं: दिवसाला एकशेवीस घंटा पाणी. मग आईने पाना फिरवला, नळाने तिच्या तोंडावर पिचकारी मारली आणि धाकटी सोललेला गुडघा विसरून लोळून लोळून हसली. त्या घरात मी हसणं पहिल्यांदाच ऐकलं.

वेळापत्रक दुसऱ्याच दिवशी भिंतीवरून उतरलं. आता कधी स्टूल ठोकता ठोकता भूमिती होते, कधी काहीच होत नाही. मला कोणी वाजवत नाही. सुरुवातीला मला त्याचा रागही आला होता.

मित्रांनो, इथे मी 'जुन्या वस्तू जपा' असं सांगायला हवं. पण गोळा तुटला तरी माझं काही अडलेलं नाही. जपायचंच तर घरात जी शिकवते, रागावते आणि दमते, तिला जपा. तिची कधी बाई झालीच, तर गप्प बसू नका, 'आई' म्हणून हाक मारा. तीस वर्षं मी ठणाणा केला, पण माझ्या आवाजाला कोणी हसत ओ दिल्याचं मला आठवत नाही.