गादीच्या दुकानातला माइक

मी माइक बोलतोय. आजवर लोक माझ्यासमोर बोलले, आता थोडं माझं ऐका.

जालन्याच्या एका मंडपवाल्याकडे माझी अर्धी उमर गेली. 'वऱ्हाडी मंडळींनी जेवून घ्यावं' हे मी इतक्यांदा ऐकलंय की ऐकूनच पोट भरायचं. जो येई तो आधी मला फुंके, मग टकटक मारी. पुढे बिनतारी माइक आले आणि मी खोक्यात पडलो.

तिथून मला दैवशालाने उचललं. बदनापूरची ही पोर सहा वर्षं पुण्याच्या एका हॉटेलात इंग्रजी जॅझ गात होती. तिची आई साळूबाई फोनवर ते ऐकायची, पण कळायचं काहीच नाही. आता तर साळूबाईंचे कान झपाट्याने मंदावत चालले होते. म्हणून दैवशाला नोकरी सोडून आली. जगभर गाजलेली गाणी मराठीत गायची आणि आईला ऐकू येतंय तोवर ऐकवायची, असं तिने मनाशी पक्कं केलं.

रेकॉर्डिंगसाठी अजमतचाचांच्या गादीच्या दुकानात तिने मला उभं केलं. चारी बाजूंनी कापूस, त्यामुळे आवाज घुमत नाही. थंडीच्या तोंडावर गाद्यांची घाई, तरी चाचांनी कापूस पिंजायचं यंत्र एक दुपार बंद ठेवलं.

आणि नेमका त्याच दिवशी साथीला येणारा पुण्याचा बास वाजवणारा नाही म्हणाला. मराठीत असलं काही शोभत नाही म्हणे! माझा नुसता संताप झाला. बासची ती जाड, घुमणारी तार नसेल तर जॅझ चालणार कशावर? दैवशालाने डोळे पुसले. "त्याच्याबिगर करू. पन आजच करायचं."

चाचांनी भिंतीवरचं जुनं पिंजण काढलं. यंत्र येण्याआधी याच धनुष्याच्या तातीने ते कापूस पिंजायचे. "बेटा, ठेका धिम्मा का जल्दी? बराबर सांग," म्हणाले आणि तात छेडली. धंग... धंग... दैवशाला हसलीच.

पण चाचांचा हात सवयीने भरधाव सुटायचा, जणू संध्याकाळपर्यंत गादी भरून द्यायची होती. सातव्या खेपेला जमलं.

परवा तिने साळूबाईंच्या कानांना हेडफोन लावला. मी शेजारीच होतो. घर सोडून गेलेल्या, परत यायची वाट न सापडणाऱ्या मुलीचं ते गाणं. साळूबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि लेकीचा हात धरला.

"हेच गाऊन राह्यली व्हतीस व्हय तिथं, सहा वर्सं? मंग मी घरी ये म्हणले असते ना गं."

दैवशाला आईच्या कुशीत खूप रडली. मग तोंड धुऊन, चाचांकडे आणखी एक दुपार मागायला निघाली.

माझी जाळी चेपलीय, तार दोनदा जोडलीय. नवा माइक घे म्हणून तिला सगळे सांगतात. घ्या की! फक्त साळूबाईंना ऐकू येतंय तोवर थांबा.