हळद्याचं जेवण

द्वारकाबाईंनी काचेच्या पेटीत हात घातला आणि खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावरून चिमट्यानं काहीतरी उचललं. दारातल्या उजेडात धरून पाहिलं. नाकतोड्याची तंगडी होती. अख्खी, काटेरी आणि वाळलेली.

पेटीतल्या लाकडावर ऊन खात बसलेल्या हळद्यानं एक डोळा मिटला. चोराला सामील असल्यासारखा.

"व्हय रे," बाई त्याला म्हणाल्या, "तुला सगळं ठावं हाय. बोल की."

हळद्यानं दुसराही डोळा मिटला. त्यांनी तंगडी पदराच्या टोकाला बांधली आणि सुनेच्या खोलीकडे पाहिलं.

हे जनावर पुण्याहून आलं होतं. सुनेच्या, म्हणजे प्रतिक्षाच्या, भावाला परदेशात नोकरी लागली आणि त्यानं आपला पाळीव सरडा, पेटी आणि दिव्यासकट, भाचीच्या हवाली केला. बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात, असं तो सांगून गेला. पिल्लूच होतं, वीतभरही नाही. अंगावर ओल्या हळकुंडाचा रंग, म्हणून आरोहीनं त्याचं नाव हळद्या ठेवलं. बाकी कुरुंदा गाव त्याला सरडाच म्हणालं आणि बघायला मात्र लोटलं.

आल्यापासून हळद्यानं तोंड मिटलं ते मिटलंच. आरोहीनं मेथी बारीक चिरली, भोपळा किसला, जास्वंदीच्या पाकळ्या घातल्या. तो मान फिरवायचा. कातडी लोंबायला लागली. शाळेत जाताना ती आठ वर्षांची पोर त्याच्या पाठीवरून बोट फिरवी, कण्याचे मणके हाताला लागत आणि मग ती रोज एकच विचारी.

"आज्जी, आज मरंल का हे?"



प्रतिक्षानं भावाला फोन लावला आणि स्वयंपाकघरात येऊन हळू आवाजात सांगितलं, "आत्याबाई, लहान हाय तवर निस्त्या पाल्यावर जगत न्हाई म्हणे ते. जित्ते किडे लागतेत. मोठं झालं की खाईल पाला."

"ह्या घरात किडे?" बाईंनी परातीत पीठ आपटलं. "तुझ्या मामंजीच्या गळ्यात काय हाय, दिसत न्हाई तुला?"

ओसरीवर बसलेले किसनराव खाकरले. 

किसनरावांनी तरणेपणीच नरसीला जाऊन गळ्यात तुळशीची माळ घातली होती, आणि घातली ती पाळली. सख्ख्या भावाच्या घरात अंडी उकडतात हे कळल्या दिवसापासून त्यांनी तिथलं पाणीही सोडलं. हळदीवर औषध फवारायचं असलं की ते शेताकडे फिरकत नसत. ते काम मुलगा, भागवत, बघे. मुंगी दिसली तर पाय उचलून चालणारा माणूस. याच्या घरात रोज जीव मारून सरड्याला चारला जातोय हे त्याला कळलं, तर तो पुढ्यातलं ताट लोटेल, पिशवी उचलेल आणि नरसीच्या देवळात जाऊन बसेल, याबद्दल बाईंना तिळमात्र शंका नव्हती. म्हातारपणी घर मोडायचं ते एका सरड्यापायी!

आणि तरी हळद्या सुधारला. बघता बघता शेपटीच्या बुडाशी मांस चढलं, डोळे तरतरीत झाले, पेटीत इकडून तिकडे पळायला लागला. आरोही नाचली, भागवत हसला. बाईंच्या मनात मात्र पाल चुकचुकली. मेथी खाऊन कुणाची शेपटी जाड होते?

त्यात किसनरावांनी संध्याकाळचं जेवण बंद केलं. विचारलं की म्हणायचे, "पित्त झालंय." दुपारच्या भाकरीवरच दिवस काढत होते. गालफडं आत गेली होती. बाईंनी दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडल्या. म्हाताऱ्याला वास लागला असणार. तो बोलत नाही, पण घरचं अन्न सोडायला त्यानं सुरुवात केली आहे. आता त्याच्या तोंडून शब्द निघण्याआधी सुनेला रंगेहाथ धरणं भाग होतं.

त्यांनी झडती सुरू केली. फ्रिजमधला प्रत्येक डबा उघडला. सुनेच्या स्कूटीची डिकी उघडली. तिच्यात एक फणी आणि पेपरमिंटच्या गोळ्या निघाल्या. प्रतिक्षा बचत गटाच्या कामाला वसमतला जाई, तिथून काय आणत असेल याचा नेम काय? आणि अलीकडे ती फारच गोड वागत होती. न मागता दुसरा चहा आणून देई, दुपारी पाय चेपायला बसे. खाई त्याला खवखवे, दुसरं काय!

आज पदरात पुरावा होता. प्रतिक्षा लसूण सोलत बसली होती.

"हात दाखव."

"कशाला, आत्याबाई?"

"दाखव म्हनलं ना."

बाईंनी दोन्ही हात हुंगले. लसणाशिवाय काही नव्हतं. प्रतिक्षा आधी गोंधळली, मग एकदम हसली आणि पुढे वाकून कुजबुजली, "आत्याबाई, मी कुणाला काई सांगनार न्हाई. तुमी निवांत ऱ्हावा."

बाई थक्क झाल्या. चोर ही, आणि निवांत मी राहायचं! 

दुसऱ्या दिवशी शेजारच्या अनुसयाबाईसोबत औंढ्याला दर्शनाला जाते असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. नवं लुगडं नेसल्या, पिशवी घेतली, पुढच्या दारानं बाहेर पडल्या आणि गल्लीला वळसा घालून मागच्या दारानं आत आल्या. नागनाथाला मनोमन हात जोडून साठवणीच्या खोलीत पोत्यांच्या आड बसल्या. दार बोटभर उघडं ठेवलं. तिथून पेटी नीट दिसत होती.

तेवढ्यात स्कूटी सुरू झाल्याचा आवाज आला. प्रतिक्षा वसमतला गेली. आरोही शाळेत, भागवत बाजारात. बाई हिरमुसल्या. पाय आखडले होते, नाकात जुन्या हळदीची भुकटी जात होती. उठावं म्हणतात तोच अंगणाची कडी वाजली.

किसनराव शेतातून आले होते. त्यांनी पाय धुतले. इकडेतिकडे पाहिलं. मग खांद्यावरच्या पिशवीतून पाण्याची एक रिकामी बाटली काढली. बाटलीच्या झाकणाला दाभणानं भोकं पाडली होती आणि आत काहीतरी टणटण उड्या मारत होतं.

त्यांनी गळ्यातली माळ पाठीकडे फिरवली, सदऱ्याच्या आत सोडली आणि वरचं बटण लावलं. लहान लेकराला दुसरीकडे बघ म्हणावं तसं.

"माफी कर, बापा," त्यांनी चिमटीतल्या नाकतोड्याला सांगितलं. "घरात लेकरू रडून राहिलं." मग पेटीत हात घालून ते हळद्याला म्हणाले, "बांधावरचा हाय. औषदाचा न्हाई. खाय."

हळद्या झेपावला. किसनरावांनी डोळे घट्ट मिटले होते. बाटली रिकामी होईपर्यंत प्रत्येक वेळी त्यांनी ते असेच मिटले. शेवटी दोन्ही कान धरले आणि हात धुवायला मोरीत गेले. पाणी कितीतरी वेळ वाजत राहिलं.

पोत्यांच्या आड द्वारकाबाईंना पहिल्यांदा आला तो राग. चाळीस वर्षं ज्याला जपलं त्यानंच हे करावं, आणि आपण सुनेचे हात हुंगत फिरावं! सुनेला काय वाटत होतं तेही आता कळलं. ती बिचारी सासूवरच संशय घेऊन सासूचे पाय चेपत होती. बाईंना हसू यायला हवं होतं. पण मोरीतलं पाणी वाजायचं थांबेना, आणि त्यांना ते पित्त आठवलं. पित्त कसलं! मारलेल्या जिवांची भरपाई म्हणून हा माणूस एका वेळचा उपाशी राहत होता. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि आवाज न करता रडून घेतलं.

दिवेलागणीला मोठी माणसं स्वयंपाकघरात होती. बाहेर आरोही पेटीपाशी हळद्याशी गप्पा मारत होती. बाईंनी किसनरावांच्या पुढे ताट ठेवलं.

"मला नको. पित्त हाय."

बाईंनी ताटात गरम भाकरी वाढली.

"बाटली कुठं ठेवता?"

तांब्याकडे गेलेला किसनरावांचा हात तिथंच थांबला. चुलीपाशी बसलेल्या प्रतिक्षानं मान वर केली, सासूकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे.

"कोनती बाटली?"

"झाकनाला भोकं हायत ती."

किसनरावांची मान खाली गेली. हात नकळत गळ्याशी गेला आणि माळेवर थांबला.

"उद्यापासून बांधावर म्या जाते," द्वारकाबाई भाकरीवर पिठल्याची पळी रिकामी करत म्हणाल्या. "तुमी जेवा."

"आगं, पर पाप..."

"माझ्या गळ्यात कुठं माळ हाय?"

किसनरावांनी माळेवरचा हात काढला आणि ताट जवळ ओढलं. मग त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. प्रतिक्षानं त्यांच्यासाठी दुसरी भाकरी थापायला घेतली.