प्रत्येक रकान्याला चांदणी

निधी धाकटी जाऊ म्हणून, अभिनवची बायको होऊन, रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरात आली, तेव्हा विनोदिनीला ती मनापासून आवडली होती. पोरगी हसरी होती, कॉम्प्युटर शिकलेली होती, आणि सासूबाई आल्यागेल्याला तिचं कौतुक सांगायच्या, तेही विनोदिनी कानाआड करायची. पण लग्नाला वर्ष व्हायच्या आत निधी विनोदिनीच्याच कार्यालयात येऊन बसली आणि तिथून सगळं नासलं.

विनोदिनी गायधने नव्या रायपूरच्या एका सरकारी कार्यालयात मुलींच्या वसतिगृहांचं काम पाहायची. राज्य नवीन झालं, राजधानी शहराबाहेर गेली, तरी तिचं टेबल तेच राहिलं. प्रवेशाचे कागद राज्यभरातून तिच्याकडे यायचे. कुठल्या वसतिगृहाची बाई तापट, कुठल्या गावची मुलगी उशिरा पोचणार, हे तिला विचारल्याशिवाय साहेबांचंही पान हलत नसे. मग एक दिवस हुकूम आला, यंदापासून प्रवेश कॉम्प्युटरवर. काम एका कंपनीला मिळालं आणि कंपनीनं जी मुलगी पाठवली ती निधी.

"निधीले घ्यायले साहेबाची गाडी आली होती आज," सासूबाई शांताबाई संध्याकाळी शेंगा सोलता सोलता म्हणाल्या. "पांढरी गाडी, थेट दारात. सगळा पारा पाहून राहिला होता."

विनोदिनी इतकी वर्षं स्टाफबसनं जात होती. त्या रुंद, ओसाड रस्त्यांवर कधी बस बंद पडली तर उन्हात उभी राहिली होती.  त्या रात्री नरहरीनं, तिच्या नवऱ्यानं, भाजीत मीठ कमी आहे म्हटल्यावर ती असं काही बोलली की रेल्वेत नोकरीला असलेला तो शांत माणूस ताटावरून उठला.

दोन-चार दिवसांनी निधी वही-पेन घेऊन तिच्या टेबलापाशी आली.

"ताई, एक सांगा ना. फॉर्ममध्ये कौनसी जानकारी एकदम जरूरी है? म्हणजे ती भरल्याशिवाय फॉर्म सेव्हच होणार नाही. त्या रकान्याला मी लाल चांदणी लावणार."

विनोदिनीला उत्तर झोपेतसुद्धा देता आलं असतं. शाळा सुरू होताना निम्म्या मुली अर्ध्या कागदांनिशी यायच्या. जातीचा दाखला दिवाळीला मिळायचा, बँकेचं खातं त्याच्याही नंतर. ती असे अर्धवट अर्ज परत पाठवत नसे. वेगळे बांधून ठेवायची, मुलीला आत घ्यायला सांगायची आणि उरलेल्या कागदांसाठी वसतिगृहाच्या बाईंच्या मागे लागायची. निधीला एवढंच सांगायचं होतं.

तिनं वर पाहिलं. निधीच्या गळ्यात कंपनीचं नवं ओळखपत्र होतं, आणि मागच्या दारातून कार्यालयाचे प्रमुख हिरालाल साहेब हाक मारत होते, "निधीजी, जरा आइए तो."

"सगळ्याइले लाव चांदणी," विनोदिनी म्हणाली.

"सगळ्या?"

"सरकारी काम आहे बाई. एक जागा रिकामी राहिली तर उद्या आपल्याच मानगुटीवर बसते."

निधीनं मान डोलावली, थँक्यू ताई म्हणाली आणि गेली. विनोदिनीनं फाईल उघडली. 

प्रवेश सुरू झाले आणि पहिल्याच दिवशी अभनपूरहून कांताबाई रामटेकेंचा फोन आला. त्या तिथल्या वसतिगृहाच्या अधीक्षिका, विनोदिनीच्या जुन्या ओळखीच्या.

"मॅडम, हे काय होऊन राहिलं? सकाळपासून फॉर्म भरून राहिली मी. सगळं लिहिलं, खातं नंबर तेवढा नाही, तर मशीन म्हणते सेव्ह नाही होणार. मी म्हटलं नंतर भरीन, तर तेही नाही. मग लाईन गेली न् लिहिलेलं सारं पुसलं. पुन्हा पहिल्यापासून."

"मले काय माहीत, कांताबाई?" विनोदिनी गोड आवाजात म्हणाली. "ते आता निधी मॅडम पाहतात."

"आणि एक पोट्टी परत गेली. सुकवारो नावाची, गरियाबंदकडची. बापानं दुपारवर वाट पाहिली. त्याले वाटलं आपल्या पोरीले घेतच नाहीत. गेला घेऊन."

फोन ठेवताना विनोदिनीच्या तोंडातली गोडी थोडी कमी झाली. पण दिवसभर निधीच्या टेबलावरचा फोन वाजत राहिला, निधी पाणी प्यायलाही उठली नाही, आणि ते पाहून विनोदिनीला जेवण चांगलं गेलं. नंतरच्या दिवसांत आणखी गोंधळ झाला. काही अधीक्षिकांनी खाते क्रमांकाच्या जागी नुसती शून्यं भरली, काहींनी बापाच्या नावाच्या जागी टिंब दिलं, आणि यादीत टिंबाच्या लेकींची रांग लागली.

हिरालाल साहेबांनी बैठक बोलावली. त्यांचा आवाज बाहेरच्या व्हरांड्यात ऐकू येत होता.

"किसने कहा था सब कुछ अनिवार्य कर दो? किसी से पूछा था?"

विनोदिनी टेबलाच्या निधी होती त्याच बाजूला बसली होती.  आता ही माझं नाव घेते, तिला वाटलं, आणि घेतलं तर काय म्हणायचं तेही तिनं मनात जुळवलं.

"सर, मेरी गलती है," निधी म्हणाली. "मैंने ठीक से समझा नहीं."

तिनं विनोदिनीकडे पाहिलंसुद्धा नाही.

विनोदिनीला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण तिचा जळफळाट आधीपेक्षाही वाढला. रूप हिचं, शिक्षण हिचं, गाडी हिला, आणि आता मोठं मनही हिचंच! मी जे वाईट केलं त्यातूनसुद्धा हीच चांगली होऊन बाहेर पडली.

त्या संध्याकाळी साहेबांची गाडी निधीसाठी थांबली नाही. ती स्टाफबसमध्ये चढली आणि विनोदिनीच्या शेजारी येऊन बसली. बस निघाली. 

"माझं नाव काहून नाही घेतलं?" विनोदिनीनं शेवटी विचारलं.

"घेऊन क्या होता?"

"तुले माहीत होतं?"

"त्या दिवशी नाही. नंतर कांताबाई बोलल्या, गायधने मॅडम अर्धा फॉर्मही ठेवून घ्यायच्या. तेव्हा समजलं." निधीनं ओढणीनं तोंड पुसलं. "दो दिन मला जेवण गेलं नाही, ताई. मी म्हटलं, मैंने इनका क्या बिगाड़ा?"



"आणि जळायचा ठेका काय तुम्ही एकट्यांनीच घेतलाय?" निधीचा आवाज एकदम चढला. पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून पाहिलं, तशी ती हळू बोलायला लागली. "आई मला पाहुण्यांना दाखवतात. पण त्यांना रात्री ठसका लागला की हाक कोणाला मारतात? अभिनवसुद्धा. काही सापडलं नाही की 'वहिनीले विचार.' माझ्याच खोलीतली वस्तू! मैं भी जलती हूँ, पण मी तुमच्या पोळ्या जाळल्या नाहीत."

 विनोदिनी फक्त म्हणाली, "ती सुकवारो परत आली का?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी विनोदिनी आपली खुर्ची ओढत निधीच्या कॉम्प्युटरपाशी गेली.

"लिही. पोरीचं नाव, गाव, वर्ग. एवढं असलं की ठेवून घ्यायचं."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं नंतर. पण मशीननं सांगितलं पाहिजे काय राहिलं ते. आणि तोवर पोरीची जागा दुसरीले देता कामा नये."

निधीची बोटं चालायला लागली. आता दोन बटणं होणार होती. सेव्ह केलं की अर्धवट अर्ज जसाच्या तसा राहणार, आणि चांदण्यांचा हिशेब फक्त शेवटी, सबमिट करताना. एका रकान्यावरून दोघी चांगल्याच भांडल्या. बापाचं नाव पहिल्यांदाच हवं असं निधीचं म्हणणं होतं. विनोदिनी म्हणाली, ज्या पोरीले बापच नाही तिनं काय टिंब द्यायचं? निधीनं ती चांदणी काढून टाकली.

रविवारी विनोदिनी घरी काही न सांगता अभनपूरला गेली, आणि कांताबाईंना घेऊन जीपनं पुढे गरियाबंदकडे. सुकवारोचं घर गावाच्या टोकाला होतं. बाप अंगणात बांबूच्या कामट्या सोलत होता. आम्ही तुमच्या मुलीला न्यायला आलोय, असं विनोदिनीनं हिंदीत सांगितलं. कागद नंतर द्या, जागा तिचीच आहे.

"पहिली तो मना कर दे रहेव," तो म्हणाला, म्हणजे आधी तर तुम्हीच नाही म्हणाला होतात.

"गलती हमारी थी," विनोदिनी म्हणाली. कोणाची, ते तिनं सांगितलं नाही.

त्यानं बराच विचार केला, मुलीकडे पाहिलं, आणि "हव" म्हणत होकार दिला. सुकवारो आत पळाली आणि आधीच भरून ठेवलेली पिशवी घेऊन आली.

नव्या बटणांचा गवगवा झाला. बैठकीत साहेबांनी निधीचं तोंडभरून कौतुक केलं. निधी म्हणाली, "सर, ताईंनी सांगितलं तसं केलं मी." साहेबांनी "हाँ हाँ, टीमवर्क" म्हटलं आणि पुढच्या विषयावर गेले. वर्तमानपत्रात फोटो आला तो निधीचा. सासूबाईंनी तो कापून फ्रीजवर चिकटवला. दूध काढायला गेलं की विनोदिनीला तो दिसायचा, आणि दर वेळी छातीत तीच जुनी कळ उठायची. ती गेली नव्हती. जाईल अशी आशाही विनोदिनीनं सोडून दिली होती.

त्याच आठवड्यात बसमध्ये हिशेब शाखेतला शंकर मागे वळून म्हणाला, "मॅडम, आपकी देवरानी तो छा गई. ठेकेवाली होके साहब को क्या पट्टी पढ़ाई है!" आणि डोळा मारून हसला.

"जुबान सँभाल के!" विनोदिनी इतक्या जोरानं बोलली की ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. "काम किया है उसने. तू एक भी दिन करके दिखा."

शंकर पुन्हा पुढे वळला. विनोदिनीनं पदर सारखा केला. आपण हे काहून बोललो, याचा तिला स्वतःचाच राग आला होता, आणि नवं रायपूर येईपर्यंत तो उतरला नाही.