सुरुवातीची अकरा मिनिटं

प्रज्ञेशची नोकरी नेमकी कसली, हे त्याच्या वडिलांना, तात्यारावांना, कधी नीट कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यात कळण्यासारखं फार नव्हतंही. हिंजवडीच्या कंपनीत बसून तो दिवसभर तेच ते व्हिडिओ निरनिराळ्या प्लेयरवर चालवून बघायचा. अडकला की तक्रार लिहायची, चालला की पुढचा. त्यामुळे २००५ साली वारजेच्या घरातल्या व्हीसीआरने मान टाकली, तेव्हा आईची कॅसेट सीडीवर घेणं हा त्याला हातचा मळ वाटला.

कॅसेट एकच होती. विहाराच्या उद्घाटनाला प्रज्ञेशच्या आईने, विजयमालाबाईंनी, भीमगीतं गायली होती आणि तात्यारावांनी भाड्याचा कॅमेरा धरून ती टिपली होती. बाई जाऊन सहा वर्षं झाली होती. तात्याराव रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन त्या कॅसेटसमोर बसत. प्रज्ञेश कंपनीच्या बसने नऊला घरी यायचा. रविवारी घरी असला, तरी तो कधी सोबत बसला नाही.

मित्राचा व्हीसीआर आणून त्याने कॅसेट संगणकात उतरवली. मग प्रश्न आला फॉरमॅटचा. नवे फॉरमॅट देखणे, पण घरातल्या स्वस्त प्लेयरवर त्यांचा भरवसा नव्हता. जुन्या पद्धतीची व्हीसीडी मात्र कुठल्याही प्लेयरवर डोळे मिटून चालायची. गोम एवढीच की एका सीडीत ऐंशी मिनिटं मावत होती आणि कॅसेट होती एक्याण्णव मिनिटांची. दोन सीड्या करता आल्या असत्या. पण बाबांना मध्येच उठायला लागू नये, हा लेकाचा लाड!

आवाज बंद ठेवून त्याने सुरुवात भराभर पुढे पळवली. कुणी सतरंजी अंथरतंय, कुणी माईकवर टिचक्या मारतंय, आई नुसती बसलीय. फालतू भाग म्हणून त्याने अकरा मिनिटं उडवली. मूळ फाइल वीस जीबी अडवून बसली होती, ती पुसली. कॅसेटला बुरशी लागली होती, ती कचरू भंगारवाल्याच्या पोत्यात गेली. बाबांना विचारायचं तेवढं त्याला सुचलं नाही.

तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, त्याने ऐटीत सीडी लावली. पहिल्याच क्षणी आईचा सूर लागला. चित्र कुठे अडकलं नाही, आवाज फाटला नाही.

"थोडं मागे घे," तात्याराव म्हणाले.

"मागे काही नाही, बाबा. इथूनच सुरू होतं."

"असं कसं? त्याच्याआधी ती माझ्याशी बोलते."

"काय बोलते?" प्रज्ञेशने विचारलं, आणि हे आपल्याला विचारावं लागतंय याची त्याला शरम वाटली.

"कॅमेऱ्याकडे बघून म्हणते, अहो, दूध झाकून आलात ना? मी म्हणतो, झाकलं गं. ती म्हणते, खोटं बोलताय. आणि हसते." तात्याराव स्वतःही जरा हसले. "खोटंच होतं. मांजराने सगळं संपवलं त्या दिवशी."

प्रज्ञेश चपला न घालताच खाली धावला. कचरूची गाडी पुढच्या चौकात सापडली. "साहेब, तीन आठवडे झाले की," कचरू म्हणाला. "तो माल कवाच गेला." चूक आपली, घाई आपली, अक्कलही आपलीच पाजळलेली, हे प्रज्ञेशला त्या चौकात पुरतं कळलं. रडू आलं, पण रस्त्यात रडणार कसं?

तो परतला तेव्हा तात्यारावांनी टीव्ही बंद केला होता. त्यांनी लेकाचा चेहरा बघितला.

"चित्र फार स्वच्छ आलंय हं," ते म्हणाले. सीडी त्यांनी काळजीने पाकिटात घालून त्याच्यापुढे धरली. "ही विहारात देऊन टाक. गाणी काय, सगळ्यांचीच आहेत."