पूजेतला मास्क

भोपाळच्या गोविंदपुऱ्यात सुभाष बेहेऱ्यांचा नळांना चकाकी चढवायचा कारखाना आहे. चकाकीआधी नळ ॲसिडच्या टाकीत बुडवावे लागतात. टाकीची वाफ बाहेर ओढणारा पंखा त्या सकाळी जळाला, आणि इंदूरचा माल तर संध्याकाळी निघायचा होता.

सुरक्षा अधिकारी योगिनीने टाकीच्या खोलीला कुलूप लावलं. मास्कशिवाय कोणी आत जाणार नाही, म्हणाली. बेहेऱ्यांनी मोठ्या मनाने सांगितलं, मास्क आहे की आपल्याकडे.

होता. परदेशी, महागडा, ऑफिसातल्या काचेच्या कपाटात. खराब होईल म्हणून तो कोणी वापरत नसे. खंडेनवमीला मात्र लेथ आणि पान्यांच्या ओळीत त्याला मानाची जागा असे. यंदा बेहेऱ्यांच्या सौ. प्रतिभाताईंनी हळदीकुंकू पाण्यात कालवून लावलं होतं, उडून जाऊ नये म्हणून. तेही हवा गाळणाऱ्या दोन्ही डब्यांवर. गोल असल्यामुळे डब्या त्यांना देवाच्या टाकांसारख्या वाटल्या.

योगिनीने डब्या उजेडात धरल्या. सगळी भोकं लिंपून निघाली होती.

"सर, यातून हवा येणार नाही."

"अगं, पूजेतली वस्तू आहे. ती कशी बाधेल?"

टाकीवर काम करणाऱ्या श्यामने मास्कला मनोभावे नमस्कार केला आणि दोन पावलं मागे सरकला.

"मग तुम्हीच घाला," योगिनी म्हणाली. "इथेच, चांगल्या हवेत."

बेहेऱ्यांनी मास्क चढवला, पट्टे आवळले आणि विजयी मुद्रेने श्वास सोडला. तो बाहेर गेला. आत घ्यायची वेळ आली तेव्हा हवेऐवजी मास्कच चेहऱ्यात घुसू लागला. डोळे मोठे झाले, हात पंख्यासारखे फिरले. योगिनीने पट्टे ओढून काढले.

बराच वेळ धापा टाकून त्यांनी विचारलं, "कुलूप नीट लागलंय ना?"

मग त्यांनी इंदूरला हेमंत सराफांना फोन लावला. माल उशिरा आला की सराफ बेहेऱ्यांच्या घराण्याचा उद्धार करीत. बेहेऱ्यांनी जीव मुठीत धरून सांगितलं, की पंखा जळालाय, आत गॅस साठेल.



"भोपाळात?" सराफ हळूच म्हणाले. "सुभाषराव, माल पुढच्या महिन्यात द्या. माणसं बाहेर आहेत ना सगळी?"

इतकी मुदत बेहेऱ्यांना जन्मात मिळाली नव्हती. खूश व्हायला हवं होतं. ते उठले, आणि टाकीच्या खोलीचं कुलूप स्वतः ओढून बघून आले.