टेम्पोतून लग्नाला जाणारी खुर्ची

मी एक जुनी लोखंडी खुर्ची आहे. मित्रांनो, कुणाचा जन्म हौसेतून होतो, कुणाचा गरजेतून. माझा जन्म एका माणसाच्या शरमेतून झाला. सांगताना मलाच ओशाळल्यासारखं होतं, पण आता सांगायचंच ठरवलं आहे.

पलूसचे अफताबभाई द्राक्षं भरायच्या पुठ्ठ्याच्या पेट्या विकतात. मनानं मोठा माणूस, आणि अंगानं त्याहून मोठा. एकदा ते मुलीच्या शाळेत पालकसभेला गेले आणि त्यांच्याखालची प्लास्टिकची खुर्ची मोडली. सगळ्यांच्या देखत ते जमिनीवर आपटले. पोरं हसली. पोरांचे आईबापही तोंड फिरवून हसले. त्यांची आयेशा मात्र मान खाली घालून बाकाची फळी नखानं खरवडत बसली होती. तिनं वर बघितलंच नाही, हे त्यांना फार लागलं.

तिथून ते थेट जाफर वेल्डरच्या शेडवर गेले.

"जाफर, बसायला कायतरी कर बाबा. मोडणार न्हाई असं."

जाफरनं एका मोडक्या ट्रॉलीचे अँगल कापले, चांगली ऐसपैस बैठक केली, वर जाड फळी ठोकली, दोन्ही बाजूंना दांड्या जोडल्या. मग स्वतः माझ्यावर चढून उड्या मारल्या आणि म्हणाला, "भाई, हिच्यावर म्हैस बशिवली तरी मोडायची न्हाई."

बोलून गेल्यावर त्याची जीभ दातांखाली गेली. अफताबभाई हसले. पण माझ्यावर बसण्याआधी त्यांनी रस्त्यावर कुणी बघत नाही ना, हे दोनदा बघून घेतलं.

मी दुकानात गल्ल्यामागे राहिले. वर्षानुवर्षं राहिले. माझी ताकद बघून गिऱ्हाइकं माझं कौतुक करायची, आणि त्या प्रत्येक कौतुकाला अफताबभाई विषय बदलायचे.

खरी नाचक्की व्हायची ती लग्नात. त्यांच्याकडे लग्नात जमिनीवर दस्तरखान, म्हणजे जेवणाची लांब चादर, अंथरतात आणि एका ताटाभोवती चौघं-पाचजण मांडी घालून जेवतात. अफताबभाईंना मांडी घालता यायची नाही. म्हणून मला टेम्पोत घालून न्यायचे. मी आधी पोचायचे, ते मागून मोटारीनं यायचे. मला उतरवताना त्यांचे थोरले चाचा लांबूनच ओरडायचे, "खुर्ची आली रं. आता आमचा अफताब आलाच म्हणून समजा." मांडव हसायचा. मग भाई एका कडेला माझ्यावर बसून, मांडीवर वेगळं ताट घेऊन जेवायचे. खाली सगळे एका ताटात, आणि हा एकटा वर. लाज वाटली की ते अजून जेवायचे. आग्रह करणाऱ्यांना तेवढंच हवं असायचं.

जेवण झाल्यावर चाचा उठताना माझीच दांडी धरायचे. चांगला जोर लावून उठायचे. तेव्हा ते कुणाला दिसलं नाही, मला मात्र कळत होतं.

पुढे भाईंना आडवं झोपता येईना. श्वास कोंडायचा. ते माझ्यावर बसूनच डुलक्या काढायचे आणि दचकून जागे व्हायचे. शुगर वाढली, गुडघे गेले. अकिलाभाभी, म्हणजे त्यांची बायको, त्यांना मिरजेला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी वजन कमी करायच्या ऑपरेशनचं सगळं सांगितलं आणि वर म्हणाल्या, "पोट आम्ही लहान करतो. सवयी तुमच्या तुम्हालाच लहान करायच्यात, आणि त्या आजपासून."

मग मी वेगळेच अफताबभाई बघितले. गुटखा सुटला. एक घास ते पीठ होईपर्यंत चावायला शिकले. जेवताना पाणी प्यायचं नाही, हे शिकले. रोज अजून थोडं पुढं चालून यायचे आणि घामाघूम होऊन माझ्यावर टेकायचे. श्वास ओढून तीन चेंडू वर उचलायचं प्लास्टिकचं एक खेळणं दिलं होतं, ते तोंडाला लावून बसायचे. ऑपरेशनच्या आधी तर नुसतं पातळ पिऊन दिवस काढले. कुणी विचारलं तर म्हणायचे, "पोट बिघडलंय जरा."

ऑपरेशन नीट झालं. भाई उतरत गेले. आधी पाणी आणि डाळीचं पाणी, मग पातळ खिचडी, मग एका लहान वाटीत दही, अंडं, मऊ डाळ. पँटची मापं बदलली, चालणं बदललं. एक दिवस ते मांडी घालून बसले आणि रडले. त्याच आठवड्यात मला उचलून मागच्या गोदामात पेट्यांच्या ढिगाआड टाकलं.

मला राग आला नाही. लाजेची वस्तू कोण दर्शनी ठेवील?

पण लाज गोदामात गेली नव्हती. गावात विचारणारे वाढले, तसे भाई सांगू लागले, "काय न्हाई, नुसतं चालतो आन गरम पाणी पितो." ऑपरेशन करून बारीक झालो म्हटलं तर लोक म्हणतील, आयतं मिळवलं. त्यांना ती धास्ती होती. म्हणून आयुष्यभर घ्यायच्या जीवनसत्त्वांच्या गोळ्यासुद्धा ते चोरून घ्यायचे, आणि पाहुणे असले की राहूनच जायच्या. केस गळायला लागले. निम्मं पलूस मात्र गरम पाणी प्यायला लागलं होतं.

आणि मग लोणंदचं लग्न आलं. तिथून परतल्यावर भाई घरात गेलेच नाहीत. गोदामात आले, पेट्या बाजूला सारल्या आणि माझ्यावर बसले. मागोमाग भाभी आली.

"आवं, हितं का बसलाय?"

"तोंड कुटं दाखवू? पयल्यांदा सगळ्यांच्या ताटाला बसलो हुतो गं. चाचानं घास वाढला, म्हनलं न्हाई कसं म्हनू. दुसरा वाढला. तिसऱ्याला छातीत अडाकला. मांडवामागं जाऊन वकलो, तर लोक म्हनाले, अफताब पिऊन आलाय."

अफताबभाईंनी आयुष्यात कधी दारूला हात लावला नव्हता. त्यांनी हातांत तोंड लपवलं.

"उद्या डॉक्टरीणबाईंकडं जायाचं," ती म्हणाली. "आन एक सांगू? खरं लपवून तुमी लय मोटी लाज इकत घेतली. पुढच्या टायमाला पोटाला कायतरी हुईल. आयेशाला काय सांगू मी, तुजा बाप लाजंपायी गेला?"

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. या वेळी निभावलं होतं. पण पुन्हा असं केलंत तर जिवाशी गाठ आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

ईदला सगळे पाहुणे अफताबभाईंच्या घरी जमले. दस्तरखान अंथरला गेला. तेवढ्यात भाई गोदामात आले आणि त्यांनी मला उचललं. मित्रांनो, एकट्यानं उचललं. मला उचलायला पूर्वी दोन गडी लागायचे. त्यांनी मला भर बैठकीत ठेवलं आणि सगळ्यांसमोर बसले. हातात ती लहान वाटी होती.

"ही खुर्ची सगळ्यांनी वळखली असंल," ते म्हणाले. "मी ऑपरेशन केलंय. गरम पाण्यानं काय झालं न्हाई, मी खोटं बोललो. मला एवढंच खाता येतं, ते बी सावकाश. लोणंदला मी प्यालो नव्हतो. मला न्हाई म्हनायची लाज वाटली."

आयेशा या वेळी मान वर करून बापाकडे बघत होती. मग थोरले चाचा उठायला लागले, माझी दांडी धरून, नेहमीपेक्षा जास्त जोर लावून. मला वाटलं, आता हे निघून जाणार. ते तसेच वाकून उभे राहिले.

"सरक की जरा," ते म्हणाले. "माजं गुडगं गेल्यात. दोन वरसं झाली, खाली बसलो की जीव जातोय. तुज्या खुर्चीला हसलो हुतो, मग मला खुर्ची कुन्या तोंडानं मागू?"

भाई सरकले. चाचा टेकले. माझ्यावर पहिल्यांदाच दोघं बसले, आणि भाभीनं दोघांच्या हातात जेवण दिलं. भाईंना वाटीभर, चाचांना ताटभर. दुसऱ्यांदा वाढायला कुणी पुढं आलं नाही.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. कुणाच्या खालची खुर्ची मोडली तर हसण्याआधी हात द्या. कुणी "पुरे" म्हणालं तर वाढणारा हात मागे घ्या. आणि मला वर्षाकाठी एकदा रंग द्या, गंज चढतो. आता मी दर्शनी खोलीत असते, आणि चाचा दर शुक्रवारी येतात.