बटणांची माफी

आर्डिथ टॉलिव्हरने नवऱ्याला दोनदा जाळलं, असं सीडर फोर्कचे लोक बोलू लागले तेव्हा डोंगर अजून पुरता विझलाही नव्हता. गाव बेचिराख झालं होतं, पण गावाची जीभ शाबूत होती.

पहिल्यांदा जाळलं ते रीतसर. मर्ल टॉलिव्हर म्हणजे गावच्या हौशी अग्निशमन दलात उभा जन्म घालवलेला माणूस. "मेल्यावर मला पुरा," असं तो बायकोला, मित्रांना, बारमधल्या अनोळखी गिऱ्हाइकांनाही बजावत असे. "ज्या आगीशी जन्मभर भांडलो, तिच्या हाती मला देऊ नका." तो गेला, आणि आर्डिथने त्याला सरळ दाहिनीत पाठवलं. राख आली ती बिस्किटांच्या निळ्या गोल डब्यात भरली आणि बैठकीच्या खोलीतल्या शेकोटीवरच्या फळीवर ठेवून दिली. असं का केलं, ते तिने कोणालाही सांगितलं नाही. रोज सकाळी मात्र डब्याकडे बघून "उठलास का?" म्हणायची.

गोची अशी, की तसलाच दुसरा डबा शिवणाच्या कपाटात होता. त्या डोंगरात निळ्या डब्यात बिस्किटं सापडणारं घर शोधूनही मिळालं नसतं. सगळीकडे सुया, दोरे आणि बटणंच. त्या दिवशी आर्डिथने फळी पुसायला मर्लला खाली घेतला, एक बटण लावायचं म्हणून दुसराही डबा काढला, आणि दोन्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर राहिले. तेवढ्यात भोंगा वाजला. खिडकीतून पाहिलं तर पलीकडची टेकडी पेटलेली. दागिने नाहीत, औषधं नाहीत, कागदपत्रं नाहीत. आर्डिथने एक डबा काखोटीला मारला, गाडीत शेजारच्या सीटवर ठेवला आणि वर पट्टाही बांधला.

खाली उतरायला रस्ता एकच, आणि अख्खं गाव त्यावर. वळणावर डबा खुळखुळला.

"गुडघे," आर्डिथ म्हणाली. मर्लचे गुडघे जिवंतपणीही असेच वाजायचे.

दोन्ही बाजूंना झाडं धडधडून पेटत होती आणि गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. आपण आता वाचत नाही, असं वाटल्यावर तिने डब्यावर हात ठेवला आणि मनात साठलेलं सगळं सांगून टाकलं. माफी मागितली. रडली. नाक पुसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून बाहीला पुसलं.

ती वाचली. खालच्या गावात जत्रेच्या मैदानावर गुरांच्या प्रदर्शनाची शेड होती, तिथे सगळ्यांना खाटा दिल्या होत्या. शेजारच्या खाटेवरची बाई निळ्या डब्याकडे आशेने पाहत होती.

"बिस्किटं नाहीत त्यात," आर्डिथ म्हणाली. "माझा नवरा आहे." आणि खात्री पटावी म्हणून झाकण उघडलं.

आत बटणं. बाईने बटणांकडे पाहिलं, आर्डिथकडे पाहिलं, आणि आपली खाट गुपचूप पलीकडे ओढली. ज्या माणसाला आगीची एवढी चीड, त्याला आपण पुन्हा आगीतच टाकून आलो, आणि माफी मागितली ती बटणांची. आता तो सापडला तर त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याला पुरायचं, एवढंच तिने ठरवलं.

त्याच आठवड्यात शिकागोहून नणंदेचा, वर्नाचा फोन आला. "तुमच्या धुराने इथलं आभाळ नारिंगी झालंय. पडदे पुन्हा धुतले मी. दम लागतोय मला."

"त्यात थोडा मर्लही असेल," आर्डिथ म्हणाली. "तुझ्याकडे यायचं यायचं म्हणायचा ना कायम? आला बघ."

वर्नाने फोन आपटला. आर्डिथ मग शेडमागे जाऊन बराच वेळ रडली.

हल्ली दर उन्हाळ्यात एखादं तरी गाव जळतं, त्यामुळे जळलेल्या घरांतून माणसांची राख शोधून देणारी माणसंही तयार झाली आहेत. रस्ता खुला झाला तेव्हा त्यांच्यातली टेस नावाची मुलगी पिकल या कुत्रीला घेऊन आली. घराच्या राखेत माणसाची राख असली, तर कुत्री वासावरून बरोबर तिथे बसते. आर्डिथ बटणांचा डबा घेऊन गेली, मर्लला भरून आणायला. सोबत शेजारचा हॉइट आला. दलात मर्लबरोबर राबलेला, एरवी तोंडाळ माणूस. आज मात्र सगळ्यांच्या मागे मागे रेंगाळत होता.

घर गुडघ्याएवढं उरलं होतं. धुराडं तेवढं निर्लज्जासारखं ताठ उभं.

"टेबल इथे होतं," आर्डिथने दाखवलं. जळून चपटा झालेला डबा तिथेच सापडला. पिकलने तो हुंगला, शिंकली आणि पुढे गेली.

"हिला काही येतं का?" आर्डिथने विचारलं.

"येतं हो, मिसेस टॉलिव्हर," टेस म्हणाली. "पण इथे माणूस नाही."

"दमली असेल बिचारी," हॉइट घाईने म्हणाला. "उन्हात कशाला छळायचं मुक्या जनावराला? आपण जाऊ या."

पिकल मात्र स्वयंपाकघर ओलांडून मागच्या अंगणात गेली. सफरचंदाचं झाड एका अंगाने कोळसा, दुसऱ्या अंगाने हिरवं. त्याच्या बुंध्याशी तिने दोन चकरा मारल्या आणि शहाण्यासारखी बसली.

आर्डिथ हॉइटकडे वळली. तो बुटांची टोकं न्याहाळत होता.

"हॉइट."

"मर्लची राख आली, त्यानंतर तू वर्नाकडे गेली होतीस," तो पुटपुटला. "टोमॅटोला पाणी घालायला मला किल्ली दिली होतीस. पुरायचा शब्द दिला होता गं मी त्याला. तुझ्यापुढे माझं काय चालणार? मग तू गेल्यावर त्याला इथे पुरला. खोल पुरलाय, व्यवस्थित."

"आणि डब्यात काय होतं?"

"तुझ्याच शेकोटीतली राख."

"म्हणजे मी रोज सकाळी 'उठलास का' कोणाला विचारत होते?"

हॉइटने प्रामाणिकपणे विचार केला. "पाइनच जास्त. थोडं ओक."

टेसने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. आर्डिथने डबा उगारला, हॉइट मागे सरला, आणि मारता मारताच तिच्या लक्षात आलं. सगळं गाव जळलं. चर्च जळलं, बार जळला, मर्लच्या दलाची शेडसुद्धा जळली. आग याही अंगणातून गेली, पण वरून गेली. दुसऱ्यांदा मर्लला हात लावणं आगीला जमलं नाही.

तिने डबा खाली ठेवला. कुत्रीशेजारी मातीत फतकल मारून बसली आणि बटणांना सांगितलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली. हॉइट ऐकतोय याची तिला पर्वा नव्हती.

"स्मशान किती लांब आहे माहीत आहे ना तुला? थंडीत रस्ता बंद होतो. तू एकटा बर्फात पडणार आणि मला साधं यायलाही जमणार नाही, हे मला सहन होईना. म्हणून जाळलं रे तुला. मला तू घरात हवा होतास."

तिने मागे वळून धुराड्याकडे पाहिलं.

"आता घरच नाही. म्हणून मी बाहेर आले."